वीतभर रणगाडा

दिवाळीत अंगणात उभा राहणारा किल्ला कोणत्या प्रमाणाचा असतो, असा प्रश्न आजवर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. पहाऱ्यावरचा मावळा बुरुजाच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. सिंहासनावरचे महाराज त्या इवल्याशा दरवाजातून आत कसे गेले असतील हे कोडेच असते. आणि अळीव पेरून उगवलेले रान दोन दिवसांत इतके माजते, की त्यात हत्ती दडावा! पण त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. तो किल्ला मनाच्या मापाने बांधलेला असतो. मुलांना जे मोठे वाटते ते तिथे मोठे असते, आणि ते योग्यच आहे.

परंतु हीच हौस मोठेपणीही ज्यांच्या हातांना सोडत नाही, अशा मंडळींचा एक निराळाच पंथ आहे. त्यांच्या राज्यात मावळा तटाएवढा असून चालत नाही. तिथे मोजपट्टी हेच दैवत. मूळ वस्तू ठरावीक हिश्श्याने लहान करायची, ती एकेका खिळ्याबोल्टासकट. आणि रंगही मुळाबरहुकूम द्यायचा. जहाजे, विमाने, आगगाडीची इंजिने यांच्या प्रतिकृती हे लोक करतातच. पण खरी परीक्षा पाहतो तो रणगाडा. विमान कसे स्वच्छ, पॉलिश केलेल्या भांड्यासारखे लखलखीत असते. रणगाडा चिखलात लोळतो, धुळीने माखतो, झाडाझुडपांवर अंग घासतो. त्याची प्रतिकृती करणाऱ्याला भूमिती यावी लागते, रंगकाम यावे लागते, इतिहास यावा लागतो, आणि मातीशीही थोडी ओळख असावी लागते.

आमच्याच इमारतीत राहणारा एक तरुण इंजिनिअर अशा एका रणगाड्याच्या मागे वर्षभर लागला होता. मराठी शिकवणाऱ्या माणसाला रणगाड्याचे काय सोयरसुतक, असे वाचक म्हणतील. पण मी त्याच्या गॅलरीतल्या टेबलाशी जाऊन बसू लागलो, आणि जे काम चालले होते ते मला चांगलेच ओळखीचे वाटू लागले. ते कसे, ते पुढे सांगतो.

पस्तीसच का?

या छंदात रणगाड्यांसाठी सर्वांत रुळलेले प्रमाण म्हणजे १:३५. पस्तीस हा आकडा कुठून आला? शंभर का नाही, पन्नास का नाही? याची कथा मोठी गमतीची आहे. जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया नावाची कंपनी आहे. १९६१-६२ च्या सुमारास तिने जर्मनांच्या पँथर रणगाड्याचे प्लॅस्टिकचे मॉडेल काढले. ते विजेवर चालणारे होते. पोटात मोटर आणि दोन सेल मावले पाहिजेत, म्हणून रणगाड्याची रुंदी तेवढी धरली. पुढे हिशेब केला तेव्हा ते प्रमाण पस्तिसास एक असे भरले! एका सेलच्या जाडीने साऱ्या जगाची मोजपट्टी ठरवली, असे म्हटले तरी चालेल.

दुसरे प्रसिद्ध प्रमाण १:७२. त्यामागे मात्र सरळ इंचफुटांचे गणित आहे: एका इंचात सहा फूट. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणाच्या विमानांच्या लाकडी प्रतिकृती लाखोंच्या हिशेबाने करवून घेतल्या. सैनिकांनी त्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि आकाशातले विमान आपले की परक्याचे, हे क्षणात ओळखायला शिकायचे. पंखाचा कोन चुकीचा कापला गेला, तर उद्या कोणीतरी आपलेच विमान पाडायचा. तेव्हा अचूकपणाचा हा आग्रह केवळ हौशी माणसांचा चोखंदळपणा नव्हे. त्यामागे एके काळी जिवाचा प्रश्न होता.

आमच्या तरुणाने निवडला होता सेंच्युरियन. हा ब्रिटिशांचा रणगाडा. त्याची आखणी १९४३ मध्ये सुरू झाली, आणि पहिले नमुने जर्मनीत पोहोचले तेव्हा, १९४५ च्या मे महिन्यात, तिथली लढाई नुकतीच संपली होती. वजन सुमारे ५१ टन, आत माणसे चार, इंजिन रोल्स-रॉइस घराण्याचे, ६५० अश्वशक्तीचे. वेग मात्र ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. तोफ सोडून त्याचे धड साडेसात मीटरांहून थोडे अधिक लांब. पस्तिसाने भागा: बावीस सेंटिमीटरांना जेमतेम कमी. म्हणजे बरोबर एक वीत!

कोणता सेंच्युरियन?

सेंच्युरियन हजारोंच्या संख्येने तयार झाले आणि अनेक देशांच्या सैन्यांत गेले. आपल्याकडे १९६५ च्या युद्धात फिल्लोराच्या रणात ते लढले. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर तेव्हा पूना हॉर्स या पलटणीचे नेतृत्व करीत होते. १६ सप्टेंबर १९६५ ला ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ही पलटण १८१७ सालची. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात पुण्यात उभी राहिलेली. घोडे गेले, रणगाडे आले, पण नावातला 'हॉर्स' आणि 'पूना' दोन्ही कायम राहिले.

आमच्या तरुणाने याच पलटणीचा, पण सहा वर्षांनंतरचा एक रणगाडा निवडला. त्याचे नाव 'फामागुस्ता', क्रमांक जेएक्स २०२. फामागुस्ता हे सायप्रस बेटावरचे एक बंदर. हा रणगाडा होता सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा.

खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. १३ जून १९७१ ला ते पूना हॉर्समध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. सहा महिने पुरते झाले नाहीत तोच युद्ध पेटले. शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे आपल्या पायदळाने पाय रोवला होता. मधे सुरुंग पेरलेले होते. ते पुरते काढून होण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते. लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांच्या आज्ञेने पूना हॉर्सचे रणगाडे तशा सुरुंगांतूनच रात्री पार झाले. १६ डिसेंबरच्या सकाळी आठच्या सुमारास धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी रणगाडे जरपालजवळ चालून आले. मदतीची हाक आली, आणि खेत्रपाल तिकडे धावले. त्यांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. मागे फिरण्याचा हुकूम झाला. आपली तोफ अजून चालते आहे, एवढ्या एका कारणावर त्यांनी रणगाडा सोडायचे नाकारले. परमवीर चक्राच्या मानपत्रात त्यांच्या नावावर शत्रूचे चार रणगाडे नोंदलेले आहेत. त्यानंतरच्या गोळ्याने ते गेले. वय वर्षे २१. त्याच दिवशी ढाक्याला शरणागतीवर सह्या झाल्या.

पाठभेद

आता माझ्या ओळखीच्या प्रांताकडे येतो. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण शाळेत शिकलो. तीन शतकांत नकला करणाऱ्यांनी कुठे शब्द बदलले, कुठे ओव्या घुसडल्या. त्यांतून मूळ पाठ शोधायचा होता. रणगाड्याची प्रतिकृती करणाऱ्यापुढे नेमके हेच काम असते, फक्त पोथीच्या जागी पोलाद असते.

पहिला पाठभेद खोक्यातच सापडतो. तामियाचे सेंच्युरियनचे जुने किट आहे ते 'मार्क ३' चे. आपल्या पूना हॉर्सकडे होते ते 'मार्क ७'. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही भाऊ सारखेच. पण मार्क ३ रस्त्यावरून एका भरणीत शंभरेक किलोमीटरच जाई, म्हणून मार्क ७ मध्ये इंधनाची तिसरी टाकी आली आणि मागच्या भागाची रचना बदलली. पुढच्या काळातल्या तोफेच्या नळीवर मध्यावर एक फुगीर भाग दिसतो. गोळा सुटल्यावर मागे उरलेला धूर बुरुजात न शिरता तोंडावाटे बाहेर ओढला जावा म्हणून तो असतो. आरंभीच्या नळीला तो नाही. एवढा फुगवटा चुकला तर रणगाडा दहा वर्षांनी मागे जातो!

"मग नगरला जाऊन खरा रणगाडाच पाहून ये की!" असे मी त्याला म्हटले. नगर म्हणजे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. तिथे १९९४ पासून रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे. आणि फामागुस्ता तिथल्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

तो म्हणाला, "सर, तो रणगाडा खरा आहे, पण त्याचा रंग आजचा आहे. लढाईनंतर तो शत्रूच्या हाती गेला, मग परत आला, मग त्याची डागडुजी झाली. मला हवा आहे तो त्या सकाळचा."

हे उत्तर मला फार आवडले. उत्तरकालीन नकलेवरून मूळ पाठ ठरवू नये, हा आमच्या शास्त्रातला पहिला धडा. गावोगावी चौकांत मांडलेले रणगाडे पाहा. रंगाचा हातावर हात चढत जातो. नळीचे तोंड बुजते, अक्षरे नाहीशी होतात, आणि हिरवा रंग बागेतल्या बाकाच्या जातीचा होतो. धातू खरा असतो, आणि तरी साक्ष खोटी असते. म्हणून ही मंडळी पहिला मान देतात त्या काळच्या छायाचित्राला. चाकांवरचे बाजूचे पत्रे जागेवर आहेत की काढलेले, मागे काय बांधले आहे, खूण कुठे रंगवली आहे, हे त्याच काळच्या चित्रावरून ठरवायचे. मापासाठी मात्र खऱ्या रणगाड्याकडे जायचे, कारण पोलाद आखडत नाही.

थोडक्यात, 'सेंच्युरियनची प्रतिकृती' अशी वस्तूच नसते. असते ती अमुक रणगाड्याची, अमुक दिवसाची प्रतिकृती. तारीख ठरली नाही तोवर अचूक या शब्दाला काही अर्थ नाही.

जोडणी

किट म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटी. त्यांना झाडाला कैऱ्या लागाव्यात तसे शेकडो सुटे भाग लटकलेले. ते कटरने तोडायचे, देठाची खूण कानशीने घासायची, काचपेपरने गुळगुळीत करायची. जोडायचा गोंदही वेगळा. तो चिकटवत नाही, तर प्लॅस्टिकच किंचित विरघळवतो. दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि फटीला कुंचल्याचे टोक लावायचे. पातळ द्रव आपोआप फटीत ओढला जातो आणि दोन भागांचा एक होतो. तोफेची नळी बहुधा दोन उभ्या फाळ्यांत येते. जोडल्यावर जी रेघ उरते ती घासून मोडली पाहिजे, पण घासताना गोल नळी चपटी होता कामा नये. इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो.

याउलट टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, गुळगुळीत असून चालत नाही. सेंच्युरियनचा बुरूज ओतीव पोलादाचा; ओतकामाचा खरबरीतपणा त्यावर असतो. रंगारी वापरतात तसल्या लांबीचा पातळ लेप करून तो जुन्या टूथब्रशने टोचत जायचे, की तसा पोत येतो. किती खरबरीत? बोटाला कळेल न कळेल इतका. इथे लेपाचा एक दशांश मिलिमीटर उंचवटा म्हणजे खऱ्यावर साडेतीन मिलिमीटर!

सर्वांत गमतीचा हिशेब वजनाचा. लांबी पस्तीसपट कमी झाली की पृष्ठभाग पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे १,२२५ पट कमी होतो. आणि घनफळ ४२,८७५ पट. ५१ टनांना त्याने भागले तर सव्वा किलोही भरत नाही. प्लॅस्टिकचे मॉडेल तर त्याहूनही हलके. त्यामुळे खऱ्या रणगाड्याचे पोलादी पट्टे स्वतःच्या भाराने जसे झोल घेतात, तसा झोल इथे आपसूक पडत नाही. तो पाडावा लागतो. एकेक कडी जोडून, पट्टा ओला असतानाच खाली दाबून, सुकेपर्यंत कापसाचे बोळे घालून. निसर्ग जे भाराने करतो ते इथे युक्तीने करायचे.

बाकीचे साहित्य घरातलेच. ताडपत्रीसाठी टिश्यूपेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून घडी घालायचा. ओढदोरासाठी तांब्याच्या तारा पिळायच्या. त्याच्या मातोश्री मला म्हणाल्या, "भावजी, घरातली चहाची गाळणी गेली, पंचा गेला, आता माझी रोळी तेवढी उरली आहे!"

रंग

गाळणी गेली ती मातीपायी. पण त्याआधी रंग.

आधी अस्तर म्हणून प्रायमरचा हात. मग एअरब्रशने पातळ पातळ थर. एक जाड थर दिला तर बारीक खिळे त्यात बुडतात. रंग ऑलिव्ह हिरवा, हे ठरलेले. पण खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा डब्यातून काढून वीतभर वस्तूवर दिला, तर ती काळपट दिसते. मोठी वस्तू आपण दुरून पाहतो. मधल्या हवेने आणि प्रकाशाने तिचा रंग फिका होऊन डोळ्यांपर्यंत येतो. लहान वस्तू हातावर धरून पाहिली तरी दुरून पाहिल्याचा भास व्हायला हवा. म्हणून रंगात थोडा फिकेपणा मुद्दाम मिसळायचा. खरे दिसावे म्हणून खऱ्यापासून किंचित ढळायचे! नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. रंगभूमीवरचा चेहरा तरी कुठे आपल्या मूळ रंगात असतो?

मग चकचकीत वार्निशचा हात. त्यावर आकडे आणि खुणा. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायच्या. खडबडीत रंगावर त्या लावल्या तर खाली हवा राहून चंदेरी दिसतात, म्हणून आधी चकाकी. वर पुन्हा निस्तेज वार्निश, कारण लढाईतला रणगाडा चमकत नाही. त्यानंतर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला काळपट तेलरंग सांध्यांतून सोडायचा. तो खाचांत उतरून बसतो आणि आकार उठून दिसतो. शेवटी कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसून उंचवट्यांवरून फिरवायचा, म्हणजे जिथे बूट लागतात, हात लागतात, तिथे धातू उघडा पडल्यासारखा वाटतो.

आणि माती. साधी चाळलेली माती चालत नाही. एक मिलिमीटरचा कण म्हणजे इथे साडेतीन सेंटिमीटरचा खडा! औषधी चूर्णासारखी माती वस्त्रगाळ करावी लागते. ती कुठे लावायची, हाही विचार हवा. नदी ओलांडून आलेला रणगाडा खालून ओला आणि वरून धुळकट. पट्ट्यांच्या कड्यांत गाळ ठासलेला, पण जिथे चाके घासतात तिथे पोलाद लखलखीत. जिथे तिथे चिखल फासणे म्हणजे वर्णनात विशेषणांचा खच पाडण्यासारखे आहे.

आत कोण आहे?

सगळे झाले, आणि एकच प्रश्न उरला. १६ डिसेंबरची सकाळ, हे खरे. पण सकाळ किती वाजताची? आठाच्या आधीची की नंतरची?

नंतरची करणे हाताला अवघड नव्हते. भोक पाडता येते, काजळी धरता येते, जळालेल्या रंगाचे पापुद्रे दाखवता येतात. या छंदातली मंडळी त्यात वाकबगार आहेत, आणि प्रदर्शनात अशा कामाची वाहवाही होते. तो त्या विचारात असताना त्याच्या मातोश्री चहा घेऊन आल्या. मॉडेल त्यांनी प्रथमच नीट न्याहाळले. "एवढेसे झाकण," त्या म्हणाल्या, "ह्यातून माणसे आत जातात? किती जण असतात रे?"

"चार."

"आणि त्यांतला तो मुलगा कुठे बसतो?"

त्याने बुरुजाच्या उजव्या बाजूचे झाकण बोटाने दाखवले. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याहून पाच वर्षांनी लहान." आणि कप उचलून आत गेल्या.

मॉडेलच्या आत काहीही नसते, हे वाचकांना सांगितले पाहिजे. बाहेरचा एकेक बोल्ट मोजून लावलेला. झाकणाच्या आत रिकामा अंधार. चालक, गोलंदाज, तोफ भरणारा आणि नायक, या चौघांची ती उभी-आडवी दाटी, तो धूर, कानांतले आवाज, हे कोणत्याही प्रमाणात लहान करता येत नाही. मोजपट्टी झाकणापाशी थांबते. माझ्या मते प्रामाणिक कारागिराला हे ठाऊक असते, आणि म्हणूनच बाहेरच्या बाजूने तो इतका काटेकोर राहतो. जे आपल्या हातात नाही त्याची भरपाई, जे हातात आहे त्यात कसूर न करून तो करतो.

त्याने आठाच्या आधीची वेळ निवडली. भोक नाही, काजळी नाही. नदीचा गाळ पट्ट्यांत, धूळ अंगावर, तोफ सरळ समोर. झाकण उघडे, आणि त्यातून कमरेपर्यंत वर आलेली एक आकृती. उभा माणूस या प्रमाणात पाच सेंटिमीटरांचा. हा अर्धाच दिसतो. त्याचा चेहरा त्याने फारसा रंगवला नाही. छायाचित्रातला चेहरा वाटाण्याएवढ्या जागेत आणण्याचा आव आणू नये, एवढे तारतम्य त्याला होते. खाली लाकडी पाटावर पट्टी लावली: 'फामागुस्ता. १६ डिसेंबर १९७१, सकाळ.'

आज तो रणगाडा त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. दिवाळीला येणारी मंडळी फराळाची ताटली हातात घेऊन कपाटापाशी जातात. "वा, खेळणे सुरेख आहे!" असे म्हणून वाकतात, पट्टी वाचतात, आणि पुढचे वाक्य जरा हळू आवाजात बोलतात.

आपल्या घरातही एखादा मुलगा किंवा मुलगी अशी खोकी आणून टेबल अडवून बसत असेल. थिनरचा वास येतो, जेवायला दहा हाका माराव्या लागतात, हे सगळे खरे. खिडकी उघडी ठेवायला सांगा, तोंडावर मास्क बांधायला सांगा. पण 'या प्लॅस्टिकवर एवढे पैसे कशाला?' असे विचारण्यापूर्वी एक दुसराच प्रश्न विचारून पाहा: "हा कोणत्या दिवसाचा?" उत्तर आले नाही, तर मूल ते शोधायला लागेल. आणि आले, तर जवळ खुर्ची ओढून बसा. संध्याकाळ चांगली जाईल.